जादूच्या पेटीत घेण्याची जागा आणि टाकण्याची जागा

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात शाळांत, वाढदिवसांना आणि गणपतीत ३०-४० मिनिटांचे जादूचे कार्यक्रम करतो. आयटम नऊ. कार्यक्रम चालू असताना पेटीत शोधाशोध होते. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचं तर सगळं पुन्हा लावायला पाऊण तास जातो. पावसाळ्यात पत्ते फुगतात, एकमेकींत अडकवायच्या धातूच्या रिंगांना गंज चढतो. पेटी नेमकी कशी लावावी?

उत्तर : शोधाशोध आणि पाऊण तास या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. तुमची पेटी सामान ठेवण्यासाठी लावलेली आहे, कार्यक्रम करण्यासाठी नाही. रुमालांत रुमाल, पत्त्यांत पत्ते, दोऱ्या एका पिशवीत, ही मांडणी घरच्या कपाटाला ठीक आहे. पेटीत वस्तू तिच्या जातीप्रमाणे नाही, तिच्या पाळीप्रमाणे बसली पाहिजे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक वस्तूला दोन जागा लागतात: एक घेण्याची, दुसरी काम झाल्यावर टाकण्याची. बहुतेक पेट्यांत पहिली असते, दुसरी नसतेच. मग वापरलेली दोरी जिथून काढली तिथेच घाईत कोंबली जाते, तिच्याखाली पुढचे रुमाल दबतात आणि चौथ्या आयटमला हात चाचपडायला लागतो. जादूगार पेटीत चाचपडताना दिसला की हातचलाखी कितीही स्वच्छ असली तरी लोकांची नजर पेटीवर जाऊन बसते. ती तिथून काढणं फार अवघड.

आधी पेटीबद्दल. कोकणात अर्ध्या वाड्यांना शेवटचा टप्पा पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) उतरायचा असतो, तिथे चाकांचा काही उपयोग नाही. त्यामुळे भरलेली पेटी १२ किलोच्या वर जाऊ देऊ नका आणि तिला वरची मूठ व खांद्याचा पट्टा दोन्ही ठेवा. बाहेरून ६० × ४० × २५ सेंमी हे माप नऊ आयटमना पुरतं. पत्र्याची ट्रंक घेऊ नका. खाऱ्या हवेत ती सांध्यांतून गंजते, शिवाय पहाटे गार झालेल्या पत्र्याला आतून दव धरतं. ६ मिमी मरीन प्लायची (आयएस ७१० छापाची) पेटी सुताराकडून करून घेतली तर नुसतं लाकूड चार किलोच्या आसपास होतं. प्लायमध्ये पाणी कापलेल्या कडेतून शिरतं, म्हणून सगळ्या कडांना वॉर्निशचे दोन हात जोडणीच्या आधी द्यायला सांगा, नंतर नाही. बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेस, स्क्रू स्टेनलेस ३०४ चे. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी आणि पुढे दोन ओढून बसणारे क्लॅम्प. साधी कडी लावली तर झाकण आवळून बसत नाही आणि रबरी पट्टी असून नसल्यासारखी होते.

बिजागऱ्या प्रेक्षकांच्या बाजूला हव्यात. झाकण उघडलं की ते तुमच्या आणि लोकांच्या मध्ये पडद्यासारखं उभं राहतं. झाकण मागे पडू नये म्हणून बरेच जण साखळी लावतात. साखळी झाकणाला मागे पडू देत नाही, पण पुढे मिटण्यापासून अडवत नाही. किनाऱ्यावर वाऱ्याचा एक झोत आला की ते हातावर आपटतं. दोन्ही बाजूंना लॉक होणारा स्टे लावा, फर्निचरच्या दुकानात ‘लिड स्टे’ म्हणून मिळतो.

आतलं अस्तर काळं मखमली करण्याची हौस सोडा. मखमल ओल धरते, जांभ्याची लाल धूळ धरते, आणि आपल्या धंद्यातल्या निम्म्या गुप्त वस्तू काळ्या असतात. काळ्यावर काळं दिसत नाही. स्पंजसारखा मऊ फोमही नको, तो पाणी शोषतो आणि दोन पावसाळ्यांत चुरा होऊन रुमालांना चिकटतो. ईव्हीए फोमचा १० मिमी करडा थर घ्या, त्याखाली ३ मिमी पिवळा. वरच्या थरात वस्तूच्या आकाराचं भोक कापा. वस्तू जागेवर नसली की खालचा पिवळा रंग उघडा पडतो. कार्यक्रमानंतर पेटीवर एक नजर टाकली की काय राहिलं ते कळतं, यादी वाचावी लागत नाही.

आता मांडणी. तुम्ही पेटीमागे उभे आहात असं धरा. उजवीकडचा दोन-तृतीयांश भाग घेण्याचा, डावीकडचा एक-तृतीयांश टाकण्याचा. डावखुऱ्याने उलटं करावं. घेण्याच्या भागात ३ मिमी प्लायच्या सरकत्या पट्ट्यांनी उभे कप्पे पाडा, जवळच्या ओळीत चार, पलीकडच्या ओळीत चार. पहिला आयटम अंगावर किंवा टेबलावर असतो, उरलेले आठ इथे. क्रम उजवीकडून डावीकडे, आधी जवळची ओळ, मग पलीकडची. वस्तू आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. कसोटी अशी की एक वस्तू काढताना दुसरीला हात लागता कामा नये. दोन वस्तू एकमेकींवर ठेवाव्या लागत असतील तर पेटी लहान नाही, आयटम जास्त आहेत. पत्त्यांचे कॅट आणि जादूचं चित्रांचं पुस्तक अशा चपट्या गोष्टी झाकणाच्या आतल्या बाजूला इलॅस्टिकच्या पट्ट्यांत अडकवा.

टाकण्याच्या भागाला कप्पे पाडू नका. तिथे जाड सुती कापडाची, पेटीच्या पूर्ण खोलीची झोळी लावा, तोंड किमान १८ सेंमी रुंद. न बघता हात सोडला की वस्तू आत गेली पाहिजे आणि आवाज होता कामा नये. झोळीच्या तोंडाशी झिपचा एक छोटा खिसा शिवून घ्या. गुप्त राहायला हव्यात अशा बारीक वस्तू त्यातच जायच्या, त्याही लगेच. शेवटची टाळी पडली की वाडीतली पोरं टेबलाभोवती जमतात आणि उघड्या झोळीत पहिला हात पोराचाच जातो. रिंगा मात्र झोळीत नकोत. त्यांना पेटीच्या बाहेरच्या डाव्या अंगाला कापड गुंडाळलेला हूक लावा. तीस सेंमी व्यासाच्या आठ रिंगा तशाही या पेटीत उभ्या मावत नाहीत. त्यांना वेगळी चपटी पिशवी शिवा आणि ती वाटेत झाकणावर पट्ट्याने बांधा.

रिकामा हात पेटीकडे जायचा नाही आणि रिकामा परत यायचा नाही, एवढं पाळा. जुनी वस्तू झोळीत सोडणं आणि नवी उचलणं ही एकच फेरी. नऊ आयटमना आठ फेऱ्या लागतात. टाकायला वेगळं आणि घ्यायला वेगळं गेलात तर सोळा होतात, आणि त्या जास्तीच्या आठ फेऱ्याच लोकांना खटकतात. डावा हात सोडतो, उजवा उचलतो, डोळे प्रेक्षकांवर. ही फेरी तीन सेकंदांत होत नसेल तर तेवढ्यापुरतं एक वाक्य बांधून ठेवा, पोराला नाव विचारा, टाळ्या मागा. या फेरीत आणखी काय साधता येतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच तिची तालीम आयटमाइतकीच करायला हवी. तालमीत शेवटी दिवे बंद करून नऊही वस्तू क्रमाने काढा आणि झोळीत टाका. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि अंधारात जमलं की उजेडात नजर वर ठेवणं आपोआप जमतं. एकसारख्या वाटणाऱ्या वस्तूंना हाताला कळेल अशी खूण करा: एका दोरीच्या टोकाला दोऱ्याचे चार वेढे, एका कॅटच्या डबीवर चिकटपट्टीचा तुकडा.

खिसे हेही पेटीचेच कप्पे आहेत. कार्यक्रमाच्या खिशांत मोबाईल, किल्ल्या, पाकीट काहीही ठेवू नका. प्रत्येक खिशाला एकच काम द्या आणि वर्षभर ते बदलू नका, कारण हात सवयीने जातो. आपल्या हवेत घाम खिशापर्यंत पोचतो. आतून पातळ नायलॉनचं अस्तर लावलं तर स्पंजचे चेंडू आणि रुमाल कोरडे राहतात.

स्टँडची उंची अशी ठेवा की पेटीची कड तुमच्या कोपराच्या एक वीत खाली येईल. घडीच्या स्टँडचे पाय सारवलेल्या खळ्यात एकसारखे बसत नाहीत, कुठेतरी एक पाय अधांतरी राहतो. पायांना रबरी टोप्या घाला आणि लाकडाच्या तीन पाचरी जवळ बाळगा. ओटीवर किंवा पडवीत कार्यक्रम असेल तर लोक तीन बाजूंनी बसतात आणि पोरं खांबाला धरून मागे येतात. झाकण फक्त समोरचं झाकतं. बाजूंसाठी झाकणाला दोन्हीकडे वीतभर रुंदीचे कापडी पंख शिवा आणि ते बटणाने पेटीच्या कडेला अडकवा. पाठ भिंतीला लावायची, तीही माजघराच्या दाराला नव्हे. त्या दारातून कुणीतरी चहा घेऊन येणारच.

समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्याला नेहमी वाटतं की जादूगाराच्या मागे समुद्र दिसावा. नम्रपणे नाही म्हणा. दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. तुमच्या पाठीमागे समुद्र असेल तर वारा उघड्या पेटीत थेट शिरतो आणि रुमाल प्रेक्षकांत उडतात. शिवाय मावळतीचा उजेड तुमच्या मागून येतो, पातळ रेशमातून आरपार दिसतं, आणि जे दिसू नये ते काळ्या रेघेसारखं उठून दिसतं. प्रेक्षकांची पाठ समुद्राकडे ठेवली तर उभं झाकणच वारा अडवतं आणि उजेड तुमच्या तोंडावर पडतो. डोळ्यांवर येणारं ऊन टाळायला सूर्य बुडाल्यावर सुरुवात करा. तोपर्यंत खारा वाराही बहुधा मंदावतो. तरीही वारा असलाच तर दोऱ्याचे, कागदाच्या फुलांचे आणि एकेकटा पत्ता हवेत धरण्याचे आयटम त्या दिवशी वगळा. त्यांच्या जागी घालायला रिंगा किंवा जाड दोरी असा वजनदार आयटम राखीव असू द्या.

आता ओल. लोक समजतात की ओल पेटीत हवेतून शिरते, म्हणून झाकण गच्च करून निर्धास्त होतात. हिशेब करून पाहा. या पेटीत फार तर ६० लिटर हवा मावते. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर तेवढ्या हवेत पाणी असतं सुमारे दीड ग्रॅम. पण २०० ग्रॅमची सुती दोरी त्याच हवेत टांगून ठेवली की वीस-बावीस ग्रॅम पाणी धरून बसते, आणि हाताला कोरडीच लागते. म्हणजे ओल आणतात दोऱ्या, रुमाल, लाकडी वस्तू आणि आपला घाम. ओला माल आत घालून गच्च बंद केलेली पेटी उघड्या पेटीपेक्षा वाईट, कारण मग आत बुरशीची अढीच लागते. आधी सामान कोरडं करायचं, मग पेटी बंद.

त्यासाठी सिलिका जेल वापरा, नारिंगी रंगाचं. ओल भरली की ते हिरवट होतं. निळ्या प्रकारात कोबाल्टचं क्षार असतं, पोरांच्या हाती पडू शकणाऱ्या पेटीत ते नको. ६० लिटरच्या पेटीला २५० ग्रॅम, मलमलच्या दोन पुरचुंड्यांत, एक दोऱ्यांजवळ, एक झोळीच्या तळाशी. पावसात दर आठ-दहा दिवसांनी रंग बघा. पुन्हा तापवायला ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास, नाहीतर मंद आचेवर जुन्या कढईत रंग परत येईपर्यंत हलवत राहा. कढई फार तापवली तर रंग मरतो आणि मग कधी भरलं ते कळत नाही. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. पेटीत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ ते ५५ च्या दरम्यान असला की पत्ते, रेशीम आणि लाकूड तिन्ही खूश. तांदळाची पुरचुंडी घालू नका, टोके होतात. मीठ तर मुळीच नाही, तेच पाझरतं. डांबराच्या गोळ्यांनी कडक पारदर्शक प्लास्टिकच्या वस्तू मऊ पडतात आणि रुमालांचा वास पहिल्या रांगेपर्यंत जातो. पेटीत विजेचा छोटा दिवा लावून ठेवण्याची युक्तीही सोडून द्या, रेशीम आणि कागदाच्या पेटीत तापलेला दिवा म्हणजे आगीला आमंत्रण.

पेटीची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, मेच्या मध्यापर्यंत उरकावी. सगळं बाहेर काढा, दोऱ्या उन्हात, रुमाल सावलीत वाऱ्यावर (उन्हात रेशमाचा रंग उडतो), पेटीच्या कडांचं वॉर्निश तपासा, रबरी पट्टी चिरली असेल तर बदला. जूनपासून पेटी कौलांखालच्या माळ्यावर ठेवू नका आणि जांभ्याच्या भिंतीला टेकवू नका. फळीवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून चार बोटं दूर. नदीकाठी घर असेल तर राखीव सामान वरच्या मजल्यावर हवं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचे तळमजले बुडाले, हे आपल्या भागात कुणाला आठवण करून द्यायला नको.

पत्ते फुगतात कारण कागद पाणी पितो, आणि दोन बाजूंनी कमी-जास्त पितो म्हणून वाकतो. कार्यक्रमाचा कॅट डबीत घालून, डबी दोन सपाट पट्ट्यांत रबराने आवळून, सिलिकाजवळ ठेवा. पावसाळ्यात एक कॅट तीन-चार कार्यक्रमांपेक्षा जास्त चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन नवे, प्लास्टिक न फोडलेले कॅट कायम जवळ हवेत. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते ओलीला दाद देत नाहीत, पण पंखा नीट उघडत नाही आणि घामट बोटांत घसरतात. फक्त निवडायला द्यायचे असतील तर चालतील. पंख्यासाठी झिंक स्टीअरेटची पूड लावा, सुगंधी पावडर घामात मिसळून चिकट होते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा मंचावर दाखवण्याचा मोह कुणालाही होईल, १२० गोल पत्ते, हाताने रंगवलेले. ती दाखवा जरूर, पण पिसायला वापरू नका आणि तिची लाकडी डबी पेटीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका.

रिंगांचा गंज घामाने आणि खाऱ्या हवेने चढतो. कोरड्या फडक्याने पुसलं तर मिठाचे कण घासून मुलाम्यावर चरे पडतात आणि गंजाची सुरुवात त्या चऱ्यांतच होते. आधी गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग कोरडं, मग महिन्यातून एकदा फर्निचर किंवा गाडीचं मेण अगदी पातळ हाताने. फवाऱ्याचं तेल मारू नका, ते हातांवरून रुमालांवर जातं आणि रेशमावरचा तेलाचा डाग जन्मभर राहतो. मुलामा उडालेली रिंग मेणाने सुधारत नाही. पूर्ण संच स्टेनलेसचा घेणं शेवटी स्वस्त पडतं. त्यावरही समुद्राजवळ तांबूस ठिपके येतात, पण ते पुसले जातात.

रुमाल घडी घालून ठेवू नका, जिथे घडी तिथे चीर. ४५ सेंमीचे रुमाल सैल गुंडाळी करून, झिपच्या पिशवीत, रंगाप्रमाणे नव्हे तर आयटमाप्रमाणे. लाल मातीचा डाग ओला असताना चोळू नका. वाळू द्या, झटका, मग सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवा. दोरीचं टोक उसवू नये म्हणून दोऱ्याने बांधून त्यावर फेव्हिकॉलचा थेंब. कापण्याच्या आयटमला दर वेळी वीतभर दोरी खर्ची पडते असं धरून तुकडे घरीच मोजून कापून ठेवा, पाच कार्यक्रमांना पाच. स्पंजचे चेंडू कधीही दाबून ठेवू नका, आणि चिकट लागायला लागले की धुऊन भागत नाही, बदला. रबर आणि इलॅस्टिकच्या सगळ्या गोष्टी दर तीन महिन्यांनी बदला, ओढून पाहून चांगल्या वाटल्या तरीही. त्या कार्यक्रमातच तुटतात, कारण पूर्ण ताण फक्त तेव्हाच पडतो. चुंबक लावलेल्या वस्तू एकमेकींपासून किमान एक कप्पा सोडून ठेवा. चुंबकाचा मुलामा टवका उडाल्यासारखा दिसला की आतून गंज धरलेला असतो, मग तो वस्तूला डाग पाडतो.

रिकामा केला तरी पुन्हा पुन्हा पाणी देणाऱ्या जादूच्या लोट्याला पेटीत जागा नाही. तो बाहेरच्या जाड झिप पिशवीत, पाणी कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर भरायचं, आणि परत जाताना पूर्ण निथळला आहे याची खात्री झाल्याशिवाय आडवा करायचा नाही. त्यात किती पाणी उरू शकतं ते तुम्हाला ठाऊक आहे. रिकाम्या कापडी पिशवीतून अंडं काढण्याचा आयटम असेल तर गणपतीत आणि देवळाच्या सभामंडपात अंडं काढू नका, त्या पिशवीतून लाकडी चेंडू काढा. हा चेंडू सावंतवाडीच्या लाखकाम करणाऱ्यांकडून हव्या त्या मापाचा कातून मिळतो. अंड्याऐवजी लिंबू सुचवणारे भेटतील. लिंबू घेऊ नका. आपल्या भागात जादूगाराच्या पेटीतलं लिंबू लोक करमणूक म्हणून बघत नाहीत, आणि कुणाच्या अंगणात तशी शंका मागे ठेवून जाणं बरोबर नाही.

आगीचे आयटम माझ्या मते या पेटीतून काढूनच टाकावेत. डोक्यावर झावळ्यांचा मांडव, बाजूला पेंढ्याची उडवी आणि पुढे मांडी घालून बसलेली पोरं. फ्लॅश पेपर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, तो कोरडा असताना बॅटरी, लायटर किंवा तापलेली गाडी यांच्याजवळ ठेवणं धोक्याचं. रेल्वेत असा माल नेणं रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राखीव सामानाचा डबा वेगळा ठेवा, पेटीत मिसळू नका. त्यात सहा सेफ्टी पिना, सुईदोरा काळा आणि पांढरा, काळी चिकटपट्टी, दोरीची धारदार कात्री म्यानासह (आयटमचीच, दुसऱ्या कशाला वापरायची नाही), माइकच्या सेलच्या दोन जोड्या, एक रुमाल, एक दोरी आणि चार्ज होणारा छोटा दिवा. फेव्हिक्विकची नळी या डब्यात चालेल, पण चिकटवलेली वस्तू बंद पेटीत लगेच ठेवू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढुरका थर चढतो. माइकमधले सेल कार्यक्रम संपला की काढा, गळून आतले संपर्क खातात. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जाताना पेटी डेकवर ठेवू नका, तिथले खारे तुषार क्लॅम्पमध्ये शिरतात. एसटीच्या डिकीत टाकण्याआधी खाली प्लास्टिक अंथरा, आधीच्या मासळीच्या टोपलीचं पाणी तिथे असू शकतं. उन्हात उभ्या गाडीत पेटी सोडून जेवायला जाऊ नका, लाखेचा रंग मऊ पडून कापडाला चिकटतो.

राहिली पुन्हा लावण्याची गोष्ट. पाऊण तास लागतो कारण तुम्ही आधी आवरता आणि मग लावता. आवरणं म्हणजेच लावणं असलं पाहिजे. झोळीतून एकेक वस्तू काढायची, पुसायची, पुढच्या कार्यक्रमासाठी तयार करायची आणि तयार अवस्थेतच तिच्या कप्प्यात ठेवायची. अर्धवट तयार वस्तू कप्प्यात जाता कामा नये. कप्प्यात आहे म्हणजे तयार आहे, हे मनाला बिनशर्त माहीत हवं. दोन अपवाद. घामाने ओलसर रुमाल भरून ठेवायचे नाहीत, आणि स्प्रिंगच्या व ताणाच्या वस्तू रात्रभर दाबून किंवा ओढून ठेवायच्या नाहीत. या दोन्हींचे कप्पे रिकामे ठेवा आणि त्यांवर लाल चिठ्ठी ठेवा. ती चिठ्ठी कार्यक्रमाच्या जागी शेवटी निघते.

हे सगळं यजमानाने चहाला बोलावण्याच्या आधी व्हायला हवं. “पेटी भरून येतो” असं हसून सांगितलं तर कोकणात कुणाला वाईट वाटत नाही. भरलेली, क्लॅम्प लावलेली पेटी बरोबर घेऊनच आत जा.

नऊ आयटमना बारा मिनिटं हे नेटक्या मांडणीत गाठता येतं: रुमालांना तीन, पत्त्यांना दोन, रिंगा पुसायला एक, दोरी बदलायला एक, लोटा निथळून पिशवीत एक, बाकीच्या बारीक वस्तूंना आणि खिशांना मिळून दोन. उरलेली दोन मोजणीला: कुठे पिवळं दिसतंय का ते बघायचं, सिलिकाचा रंग पाहायचा आणि दोन्ही क्लॅम्प ओढून बसवायचे.